भिंतीतले पाणी येते कुठून?

दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायचा आणि पुढच्या श्रावणात त्याच भिंतीवर तोच डाग पुन्हा पाहायचा, हा अनुभव बऱ्याच वाचकांच्या ओळखीचा असेल. आमच्या तर तो चांगलाच ओळखीचा आहे. आमचे घर जुने, विटांचे आणि चुन्यात बांधलेले. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीला जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओल येत असे. रंगाचे पोपडे सुटत आणि खाली पांढरी भुकटी पडे.

पहिल्या वर्षी आम्ही पोपडे खरवडले आणि घरीच नवा रंग दिला. दुसऱ्या वर्षी दुकानदाराच्या सल्ल्याने पाणी अडवणारा महागडा रंग आणून लावला. तिसऱ्या वर्षी गवंड्याला मदतीला घेऊन भिंतीच्या दोन्ही बाजूंनी कमरेपर्यंत सिमेंटचा चांगला जाड गिलावा केला. चौथ्या वर्षी ओल कमरेच्या वर, गिलावा जिथे संपतो तिथे दिसू लागली! तीन वर्षे पैसे घालून आणि हात दुखवून आम्ही ओल घालवली नव्हती, फक्त वर चढवली होती.

चूक कुठे झाली? तिन्ही वेळा आम्ही एकच प्रश्न विचारला होता : "भिंतीला काय लावायचे?" त्याआधीचा प्रश्न राहूनच गेला होता : "हे पाणी येते कुठून?" घरच्या डागडुजीत हात कमी पडत नाहीत, बहुधा हा प्रश्नच कमी पडतो. या लेखात आपण त्याचाच पाठपुरावा करू. त्यासाठी लागणारे विज्ञान आठवी-नववीच्या पुस्तकाबाहेरचे नाही.

वीट म्हणजे नळ्यांचे जाळे

कोरडी वीट बादलीत बुडवली की बुडबुडे येतात. विटेच्या आतल्या रंध्रांतली हवा बाहेर पडते आणि तिची जागा पाणी घेते. चांगल्या विटेने किती पाणी प्यावे याला मर्यादा आहे. भारतीय मानकानुसार साधारण वीट २४ तास पाण्यात ठेवली तर तिने स्वतःच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषता कामा नये. तीन किलोच्या विटेच्या बाबतीत ही मर्यादा ६०० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्तच होते.

आता तीन मीटर लांब, एक मीटर उंच आणि नऊ इंच जाड अशी भिंत घ्या. तिच्यात सुमारे साडेतीनशे विटा बसतात. प्रत्येक विटेत अर्धा लिटर पाणी धरले तर एकूण १७५ लिटर, म्हणजे जवळजवळ एक पिंपभर पाणी झाले. ओल्या भिंतीत किती पाणी दडलेले असू शकते याचा अंदाज यावरून येईल. ती चार दिवसांच्या उन्हाने का वाळत नाही, हेही लक्षात येईल.

बादलीत बुडवलेल्या विटेत पाणी शिरते हे ठीक. पण पायातले पाणी भिंतीत वर कसे चढते? रॉकेलच्या दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच. बारीक नळीच्या काचेला पाणी चिकटते आणि पृष्ठताणामुळे वर ओढले जाते. यालाच केशाकर्षण म्हणतात. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच चढते, हा नियम इंग्रज वैज्ञानिक जेम्स ज्युरिन याने १७१८ च्या सुमारास मांडला. पाण्यासाठी आकडे काढले तर ते असे येतात : नळीची त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते. ती मिलिमीटरचा दहावा भाग असेल तर १५ सेंटिमीटर, आणि शंभरावा भाग असेल तर दीड मीटर! विटेतील आणि दर्जांतील चुन्यातील रंध्रे अशीच बारीक असतात. म्हणून पाया ओल्या जमिनीत असेल आणि मध्ये काही अडसर नसेल, तर पाणी भिंतीत चढणारच.

आपल्याकडचे जुने बांधकाम करणारे हे सूत्र जाणत नव्हते, पण परिणाम जाणत होते. देशावरच्या वाड्यांचे जोते काळ्या पाषाणाचे असते. हा दगड घट्ट असल्याने फारच कमी पाणी शोषतो. कोकणातला जांभा दगड मात्र सच्छिद्र. तिथे छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील अशी लांब पाखी, भोवती पडवी, आणि झडीच्या बाजूला पावसाळ्यापुरते बांधलेले झाप, अशी व्यवस्था असे. आजच्या बांधकामात जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घालतात. तो नसेल किंवा फुटला असेल तर पाण्याला वाट मोकळी होते.

पाणी थांबते कुठे?

इथे एक शंका येते. बारीक रंध्रांतून पाणी दीड मीटरपर्यंत चढू शकते, मग आमच्या भिंतीत ते गुडघ्यापाशीच का थांबले होते? कारण भिंत खालून पाणी ओढते, त्याच वेळी ते तिच्या पृष्ठभागावरून हवेत उडूनही जात असते. जितके पाणी खालून येते तितकेच ज्या उंचीपर्यंत बाष्पीभवनाने निघून जाते, तिथे ओलीची रेघ स्थिर होते.

हे वर्गात सहज दाखवता येते. टीपकागदाच्या ३० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या कापा. एक पट्टी तशीच ठेवा. दुसरीच्या दोन्ही बाजूंना खालचे दोन सेंटिमीटर सोडून चिकटपट्टी लावा आणि तिच्या कडा एकमेकींना चिकटवा. दोन्ही पट्ट्या उभ्या टांगून त्यांची खालची टोके शाई घातलेल्या पाण्यात एक सेंटिमीटर बुडतील असे करा. दर अर्ध्या तासाने पाणी कुठवर आले त्याची खूण करा. सुरुवातीला दोघींत फारसा फरक दिसणार नाही. काही तासांनी मात्र उघड्या पट्टीतले पाणी मंदावते आणि झाकलेल्या पट्टीतले पुढे जात राहते.

आमच्या फसलेल्या दुरुस्तीचे उत्तर या पट्ट्यांत आहे. पाणी अडवणारा रंग आणि सिमेंटचा गिलावा यांनी खालून येणारे पाणी थांबले नाही. थांबले ते भिंतीतून बाहेर पडणारे पाणी. बाहेर पडायला खाली जागा उरली नाही, म्हणून ते वर चढले आणि जिथे गिलावा संपला तिथे बाहेर आले.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसते. उघड्या पट्टीवर पाणी थांबते तिथे शाईचा गडद पट्टा जमतो. पाणी उडून जाते, पण त्यात विरघळलेले मागे राहते. भिंतीत नेमके हेच होते. जमिनीतले आणि विटांतले क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि पृष्ठभागापाशी त्यांचे स्फटिक बनतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. हे स्फटिक रंध्रांत वाढताना आजूबाजूला दाब देतात आणि रंगाचे व गिलाव्याचे पोपडे सुटतात. म्हणजे पोपडे हा रंगाचा दोष नसून आतल्या पाण्याची खूण आहे. मीठ घातलेल्या उथळ पाण्यात विटेचा तुकडा आठवडाभर उभा ठेवला तर विद्यार्थ्यांना हा लोणा डोळ्यांदेखत वाढताना पाहता येईल.

चार वाटा

जमिनीतून चढणारे पाणी ही झाली एक वाट. घराच्या भिंतीत पाणी मुख्यतः चार वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेची खूण निराळी असते.

पहिली वाट जमिनीची. हिची ओल खालून वर येते, वरची कड बहुधा आडवी असते आणि तिथे लोणा दिसतो. ती सहसा मीटरभराच्या आतच थांबते. वरच्या मजल्यावर अशी ओल असेल तर कारण दुसरेच शोधावे.

दुसरी वाट पावसाची. बाहेरच्या गिलाव्यातील भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, पालापाचोळ्याने तुंबलेली गच्चीची पन्हाळ, खिडकीच्या बाहेर आतल्या बाजूला उतरलेला उंबरा, ही तिची दारे. हिचा डाग वेडावाकडा असतो. जोराच्या सरीनंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तो वाढतो आणि उघडीप मिळाली की आकसतो.

तिसरी वाट नळाची. भिंतीत पुरलेला पाइप, मोरीचा सांधा किंवा सांडपाण्याची नळी गळत असेल तर डागाला ऋतू नसतो. तो चैत्र-वैशाखातही तसाच राहतो. ही गळती किरकोळ दिसली तरी किरकोळ नसते. पाण्याच्या वीस थेंबांचा सुमारे एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ४ लिटरहून अधिक पाणी भिंतीत जाते.

चौथी वाट सर्वांत फसवी, कारण तिचे पाणी भिंतीतून येतच नाही. ते घरातल्या हवेतून येते. पावसाळ्यात खोलीचे तापमान ३० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे असे समजा. त्या तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. त्यातली २४ ग्रॅम आधीच आहे. ही हवा २६ अंशांपर्यंत थंड झाली की दवबिंदू गाठते आणि पाणी सुटू लागते. म्हणजे कपाटामागची एखादी सावलीतली भिंत हवेपेक्षा चारच अंशांनी थंड असली तरी पुरे.

अशा खोलीत आपण दोरीवर कपडे वाळत घालतो. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत २७ घनमीटर हवा असते. तिच्यात आणखी फक्त १६० ग्रॅमच्या आसपास वाफ मावेल. पिळलेल्या कपड्यांत मात्र सहज लिटरभर पाणी असते. खिडक्या बंद असतील तर उरलेले पाणी जाणार कुठे? काही कपड्यांतच राहते आणि काही थंड भिंतीवर बसून काळी बुरशी पोसते. या ओलीला लोणा नसतो आणि तिच्यासाठी गवंडीही नको. खिडकी उघडणे, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे आणि कपडे दुसरीकडे वाळवणे एवढे पुरते.

तपास कसा करावा?

तपासाची साधने घरातलीच आहेत. पहिले साधन पेन्सिल. डागाच्या कडेने बारीक रेघ ओढा आणि तिच्यावर तारीख लिहा. दर आठवड्याला हे करत राहा आणि वहीत त्या आठवड्यातल्या पावसाची नोंद ठेवा. दोन महिन्यांत भिंतीवरच आलेख तयार होतो. डाग पावसाबरोबर हलतो की पावसाची पर्वा करत नाही, हे तो आपोआप सांगतो.

दुसरे साधन पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा. भिंतीचा तेवढा भाग फडक्याने कोरडा करून हा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूवर पाणी असेल तर ते हवेतले. भिंतीकडच्या बाजूवर असेल तर ते भिंतीतले. ही कसोटी ओल दिसत असतानाच करावी. भिंत कोरडी असताना केली तर तिच्यातून काहीच निष्पन्न होणार नाही.

तिसरे साधन पाण्याचे मीटर. रात्री सर्व नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. मीटर नसेल तर टाकीत येणारे पाणी बंद करून पातळीची खूण करा. पाणी न वापरता आकडा पुढे गेला किंवा पातळी उतरली, तर कुठेतरी गळती आहे. मोरीच्या किंवा सांडपाण्याच्या नळीची गळती मात्र मीटरवर दिसत नाही, हे लक्षात ठेवावे. तिच्यासाठी मोरीत रंगीत पाणी सोडून ते कुठे निघते ते पाहावे.

चौथे साधन बादली आणि झारी. पावसाचा संशय असेल तर कोरड्या दिवशी बाहेरून भिंतीवर पाणी सोडावे, पण खालून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वर जावे. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून आत पाहावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या भेगांवरून ओघळते आणि दोषी कोण ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू पडतो.

आम्ही पेन्सिल घेतली ती चौथ्या वर्षी. आषाढापासून खुणा करत गेलो. पावसाळा संपला, हिवाळा गेला, वैशाख आला, पण रेघ जागची हलली नाही. म्हणजे पाऊस सुटला. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूवर थेंब आले, म्हणजे हवाही सुटली. मीटर रात्रभर जागचे हलले नाही, म्हणजे नळ सुटला. उरली जमीन. पण वैशाखात जमीन ओली कशी? बाहेर जाऊन पाहिले आणि हसावे की रडावे ते कळेना. मोरीचे पाणी वाया जाऊ नये म्हणून आम्हीच भिंतीलगत अळूचा वाफा केला होता. दरवर्षी त्यात माती घालून तो जोत्याच्याही वर आला होता. अळू उत्तम येत असे, आणि भिंतही त्याच पाण्यावर वाढत होती!

दुरुस्ती

दुरुस्तीचा क्रमही तपासावरूनच ठरतो. आधी पाण्याची वाट बंद करायची, मग भिंत वाळू द्यायची, आणि गिलावा व रंग सगळ्यांत शेवटी. आम्ही वाफा हलवला आणि मोरीचे पाणी नळीने दूर नेले. भिंतीलगतची माती जोत्याखाली वीतभर उतरवून तिला बाहेरच्या बाजूला उतार दिला. या कामाला कुदळ, घमेले आणि दोन रविवार लागले. मग सिमेंटचा गिलावा छिन्नीने काढला आणि वरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडून घेतला. तो पाण्याने धुवायचा नसतो. धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

यानंतरचे काम सर्वांत अवघड, ते म्हणजे थांबणे. वाळण्याचा ढोबळ हिशेब भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला एक महिना असा धरतात. आम्ही भिंत पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा उघडी ठेवली. पाहुण्यांना ती बरी दिसत नसे, पण पेन्सिलच्या रेघा हळूहळू खाली येताना पाहणे आम्हांला रंगापेक्षा सुखाचे वाटले.

चुन्यातल्या जुन्या भिंतीला गिलावाही चुन्याचाच करावा. एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू हे प्रमाण चालते. चुन्याच्या गिलाव्याची रंध्रे उघडी राहतात आणि उरलीसुरली ओल त्यांतून निघून जाते. सिमेंटचा गिलावा घट्ट असतो, तो तिला कोंडतो. सिमेंटमध्ये बांधलेल्या नव्या घरात मात्र, पाण्याची वाट बंद केल्यावर, सिमेंटचा गिलावा योग्यच आहे. त्यासाठी एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू घ्यावी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, तर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते. म्हणून दुरुस्त केलेला तुकडा निदान सात दिवस ओला ठेवावा. घरच्या दुरुस्तीतले कितीतरी तुकडे सुटतात ते या सात दिवसांच्या आळसाने.

चुना हाताळताना डोळे सांभाळावेत. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो आणि उडतो, म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती तो कधीच देऊ नये. मुरवलेलाच आणावा.

कुठे थांबावे?

स्वतः करायची कामे आणि स्वतः न करायची कामे यांतली सीमा ओळखणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे. ओल्या भिंतीत विजेच्या तारा किंवा स्विचबोर्ड असेल, किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तो प्रयोगाचा विषय नाही. मुख्य स्विच बंद करून जाणकार वायरमनला बोलवावे. ओल्या त्वचेचा विद्युत्‌रोध कोरड्या त्वचेपेक्षा फारच कमी असतो, त्यामुळे एरवी नुसता झटका देणारी वीज इथे जीव घेऊ शकते. घरात ३० मिलिॲम्पिअर गळतीला वीज तोडणारे उपकरण बसवून घेणे केव्हाही चांगले.

दुसरी धोक्याची खूण स्लॅबवर दिसते. काँक्रीटमधल्या लोखंडाला गंज चढला की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होते आणि ते आतून काँक्रीट फोडते. छताला सळईच्या रेषेत भेग, तपकिरी डाग किंवा सुटलेला खपला दिसला तर त्यावर गिलावा थापून तो झाकू नये. बांधकामाच्या अभियंत्याला दाखवावे आणि तोवर त्याखाली कोणाला झोपू देऊ नये. अशा स्लॅबवर पाणी साठवून गळती शोधणे तर टाळावेच. अडीच सेंटिमीटर पाण्याचेही दर चौरस मीटरला २५ किलो ओझे होते.

आपल्या शाळेत अशी एखादी भिंत नक्कीच असेल. येत्या पावसाळ्यात ती विद्यार्थ्यांच्या हवाली करून पाहावी. टीपकागदाच्या पट्ट्या, प्लॅस्टिकचा चौकोन आणि पेन्सिल एवढे त्यांना द्यावे आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एकच प्रश्न विचारावा : पाणी येते कुठून? उत्तर पुराव्यासह आले, तर रंगाचे पैसे काढण्याआधी मुख्याध्यापकांनी ते वाचावे. आमच्या घरी आता अळूचा वाफा कुंपणाशी आहे आणि भिंतीवरची शेवटची पेन्सिलची रेघ आम्ही मुद्दामच पुसलेली नाही.